काठाखाली दोन बोटं

धाकटीने ओव्हनचं दार उघडलं, आत पाहिलं आणि लगेच लावून टाकलं. मग पुन्हा उघडलं, कारण दार लावल्याने आतलं काही कमी होणार नव्हतं.

तळाला काळा कडक थर बसला होता, कुठे नखाएवढा, कुठे चांगला बोटाएवढा जाड. बाजूच्या पत्र्यांवर तपकिरी ओघळ. जाळीच्या सळ्यांना करपलेले गोळे चिकटलेले. दाराच्या काचेतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. ती काच आहे हे आपण समजून घ्यायचं. आणि वास असा, जळक्या दुधाचा आणि जुन्या तुपाचा, की नाकाने हात टेकावेत. सकाळचे साडेआठ वाजले होते. दादा चार वाजता येणार होता.

"अप्पा, हे काय आहे?"

"ओव्हन," दारात उभे असलेले अप्पा म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. असा कसा झाला ते विचारतेय."

अप्पांनी शर्टाच्या बाहीचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आज मुलगा येणार म्हणून म्हाताऱ्याने सकाळपासून इस्त्रीचा शर्ट चढवला होता. "वापरला की होतो," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले. उत्तर द्यायचं नसलं की अप्पा असंच एखादं खरं वाक्य बोलून सटकत. त्याला कुणी काय करणार?

हे घर भाड्याचं. अप्पा त्यात अकरा वर्षं राहत होते, आणि आई गेल्यापासून चार वर्षं एकटे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीत खिडकीशी अप्पांचं टेबल. अप्पांनी जन्मभर वजनकाटे आणि मापं दुरुस्त केली. निवृत्त झाले तरी आजूबाजूचे दुकानदार बिघडलेला काटा घेऊन त्यांच्याकडेच येत, आणि अप्पा डोळ्याला भिंग लावून त्या काट्याला वठणीवर आणत. या महिन्याच्या अखेरीला घराचा करार संपत होता. नव्या करारावर जामीन म्हणून दादाची सही लागे. आतापर्यंत दादाने ती न बघता ठोकून दिली होती. या वेळी मात्र तो म्हणाला होता, "मी येतो, घर बघतो, मग ठरवतो."

याला कारण होता तो धूर. तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी अप्पांच्या स्वयंपाकघरातून एवढा धूर निघाला की वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दार वाजवत आल्या, आणि घरी परत जाऊन त्यांनी दादाला फोन लावला. दादाने अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "ओव्हन लावला आणि विसरलो."

झालं. दुसऱ्या कुणाच्या मुलाने हे ऐकून सोडून दिलं असतं. पण दादा विमा कंपनीसाठी आगीच्या नुकसानीची पाहणी करायचा. जळलेल्या घरांतून फिरणं हीच त्याची नोकरी. आग कुठून लागली, किती वेळात पसरली, हे तो भिंतीवरची काजळी बघून सांगे. 'विसरलो' हा शब्द त्याने कितीतरी घरांत ऐकला होता, आणि काही घरांत तो बोलायला कुणी उरलंच नव्हतं. त्याने सही नाही केली, तर अप्पांना त्याच्या शहरात, त्याच्या नवव्या मजल्यावरच्या घरात जावं लागणार होतं. दादाचं घर चांगलं होतं, वहिनीही जीव लावणारी होती. "पण तिथे माझ्याकडे काटा घेऊन कोण येणार?" एवढं एकदाच अप्पा म्हणाले होते. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही.

म्हणून धाकटी आज नेहमीच्या रविवारपेक्षा चार तास आधी येऊन थडकली होती. बरोबर खाण्याचा सोडा, व्हिनेगर, तारेच्या घासण्या, रबरी हातमोजे आणि जुनी वर्तमानपत्रं. आणि अर्थात दर रविवारचं भांडं. काम फक्त दिसायला सोपं होतं: दादा यायच्या आत तो ओव्हन असा करायचा की त्यात कधी काही विसरलं गेलं, असं वाटूच नये.

तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली, वर्तमानपत्रं पसरली आणि गुडघ्यांवर बसली. जाळ्या काढून न्हाणीघरातल्या बादलीत घातल्या, सोडा टाकला, गरम पाणी ओतलं. बादलीच्या आत एक बारीक आडवी रेघ होती आणि रेघेखाली छोटा बाण. अप्पांची खूण. 'इथपर्यंत.' अप्पांच्या घरात अशी खूण कशावर नव्हती ते विचारा. दुधाच्या पातेल्यावर होती, साखरेच्या डब्यावर होती, कपडे धुण्याच्या पावडरीच्या चमच्यावर होती. धाकटीच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा होती, आणि वर्गातल्या पोरी त्यावरून तिला चिडवत. अप्पा तोंडाने कधी 'जास्त झालं' म्हणत नसत. रेघ मारत आणि गप्प बसत. आई म्हणायची, माझं लग्न एका मोजपट्टीशी लागलंय. आई स्वतः मात्र सगळं काठोकाठ भरायची: डबे, वाट्या, पाहुण्यांचे कप. अर्धं भांडं कुणाच्या हातात द्यायला तिला लाज वाटे, आणि धाकटी त्या बाबतीत आईवर गेली होती. बघून बघून तिला त्या रेघा दिसेनाशाही झाल्या होत्या. तिने बादली गळ्यापर्यंत भरली आणि उचलताना पाणी पायावर सांडून घेतलं.

ओव्हनच्या तळाचं एक नवल होतं. दारापाशी चार बोटं जागा बऱ्यापैकी पुसलेली. त्यामागे काळा थर गोल फिरून गेलेला, आणि मधोमध मोठी लंबगोल जागा जवळजवळ स्वच्छ. चला, तेवढंच कमी घासावं लागेल, असं म्हणून धाकटीने सोड्याचा लगदा थापायला घेतला. आता ही बाई इस्पितळाच्या धुलाईखात्यात चौदा वर्षं काढलेली. चादरीवरचा डाग दुरून बघून हा औषधाचा, हा चहाचा, हा रक्ताचा म्हणून सांगणारी. तिने या डागाकडे नीट पाहिलं असतं तर पुढचं सगळं तिथेच संपलं असतं. पण ती डाग बघायला आलीच नव्हती, पुसायला आली होती.

सोड्याला मुरायला निदान दोन तास द्यावे लागतात. ते दोन तास तिच्या जिवावर आले. तिने पंधराव्या मिनिटाला एक कोपरा खरवडून पाहिला. काही हललं नाही. उठली, सिंक घासलं. चहा टाकला, प्यायची विसरली. खिडकी उघडली, वास जातोय का पाहिलं, धूळ येते म्हणून लावली. घड्याळ तरी किती वेळा बघावं? पुढच्या खोलीत अप्पा टेबलाशी बसून एका काट्याचं पारडं पुसत होते. मघापासून तेच पारडं पुसत होते.

"अप्पा, आज वार कोणता?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रविवार. तू रविवारीच येतेस."

"नाही, म्हणजे... काल रात्री काय जेवलात?"

"काल सूप आणि पाव. परवा भात. आता माझं नावही विचारून टाक, म्हणजे तुझं समाधान होईल."

धाकटी ओशाळली. पण अप्पांना टोमणा मारता येतोय याचं तिला बरंही वाटलं. डोकं चालतंय की यांचं. मग ओव्हनच कसा विसरले? आणि एकदा नाही, हा थर काय एका दिवसाचा होता? महिनोन्‌महिने काहीतरी जळत होतं आणि तिला पत्ता नव्हता. ती दर रविवारी यायची, भांडं फ्रिजमध्ये ठेवायची, अप्पांबरोबर जेवायची, आदल्या आठवड्याचं रिकामं भांडं उचलायची आणि जायची. ओव्हनचं दार उघडायचं तिला कधी कारणच पडलं नाही. बटाट्याच्या चकत्या, कांदा, दूध, साय आणि वर चीज; सगळं घरी रचून ती कच्चंच आणायची, म्हणजे सोमवारी अप्पा गरमागरम भाजून घेतील.

अकराला तिने खरवडायला घेतलं. आता थर निघू लागला, पण सुखासुखी नाही. पातळ पट्टीने खरवडायचं, फडक्याने काळा चिखल उचलायचा, फडकं पिळायचं, पुन्हा डोकं आत घालायचं. खांदा भरून आला. हातमोज्यात पाणी शिरलं. कोपऱ्यातला एक गोळा तर असा हट्टाला पेटला की तिने त्याच्याशी तोंडाने भांडण काढलं. आणि तो निघाला तेव्हा आनंद व्हायचा सोडून तिचा हात जागीच थांबला.

आपण हे काय करतोय? अप्पा खरंच विसरत असतील तर? दादा मूर्ख नव्हता. तो धास्तावला होता, आणि धास्तावणं त्याच्या कामातूनच आलं होतं. आज आपण हा ओव्हन लख्ख करून त्याला फसवलं, त्याने सही केली, आणि पुढच्या एखाद्या सोमवारी मास्तरीणबाई घरात नसल्या तर? धाकटी तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. हातातल्या पट्टीवरून काळं पाणी वर्तमानपत्रावर ठिबकत होतं. तिला भीती वाटली, अगदी लहान पोराला वाटते तशी. पण थांबायचं कसं हेही तिला कळेना, म्हणून ती आणखी जोरात घासू लागली.

"राहू दे ना," मागून अप्पांचा आवाज आला. "घाण आहे तर आहे. त्याला बघू दे."

"बघू दे? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" ती म्हणून गेली आणि जीभ चावली. आज याच प्रश्नावर तर सगळं अडलं होतं.

अप्पांनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्यापुढे धरला. "दाराला खाली चार स्क्रू आहेत. काच दुहेरी आहे. मधलं बाहेरून निघणार नाही."

"हे तुम्हाला माहीत होतं, तर कधी साफ का नाही केलात?"

"खाली बसता येत नाही मला. खुर्चीवरून जेवढा हात पोचतो तेवढं पुसायचो." त्यांनी दारापाशी बोट दाखवलं. ती चार बोटं स्वच्छ जागा.

"मला सांगायचं होतंत."

अप्पा काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी बाहीचं बटण काढलं, लावलं आणि म्हणाले, "चहा गार झालाय तुझा."

अडीच वाजता ओव्हन स्वच्छ झाला. खरंच झाला. तळाचा मूळचा निळसर रंग वर आला, जाळ्या चमकल्या, आणि दुहेरी काच पुन्हा बसवल्यावर तिच्यातून आतला दिवासुद्धा दिसला. धाकटीची पाठ सरळ होत नव्हती, नखं काळी झाली होती. तिने हात धुतले आणि फ्रिज उघडून सकाळी आणलेलं भांडं नीट आत सरकवायला बाहेर काढलं. जाड अॅल्युमिनियमचं लंबगोल भांडं, काठोकाठ भरलेलं, वर बटाट्याच्या चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक लावलेल्या.

लंबगोल.

ती भांडं हातात घेऊन उभीच राहिली. मग वाकून ओव्हनच्या जाळीवर ते ठेवलं आणि खाली तळाकडे पाहिलं. इतके तास घासून घासून पाठ झालेला तळ. त्यावरचा थर कुठून सुरू व्हायचा, कुठे वळायचा, हे आता तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तो या भांड्याच्या काठाखालून वळत होता, एक बोटही इकडे-तिकडे नाही. मधली स्वच्छ जागा म्हणजे भांड्याच्या पोटाखालची जागा.

सिंकशेजारी आदल्या आठवड्याचं रिकामं भांडं पालथं घातलेलं होतं. जोडीतलं दुसरं. तिने ते सुलटं करून उजेडात धरलं. आतल्या बाजूला, काठाखाली दोन बोटांवर, एक बारीक आडवी रेघ होती. रेघेखाली छोटा बाण. रेघ ताजीही नव्हती. वर्षभर घासून घासून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. आणि घासलं कुणी होतं? दर आठवड्याला धाकटीनेच.

"अप्पा." तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "ही खूण कधी केलीत?"

अप्पा दारात आले. भांडं पाहिलं. "गेल्या वर्षी. दोन्हींवर आहे."

"म्हणजे उतू जात होतं. दर सोमवारी."

"दूध वर येतं," अप्पा म्हणाले, जणू चूक दुधाची होती.

"मग वरचं थोडं काढून ठेवायचं."

"तू त्या चकत्या इतक्या मन लावून रचतेस. चमचा घालवत नाही गं."

"खाली ताट तरी?"

"ठेवून पाहिलं. हा ओव्हन खालूनच तापतो. बटाटे कच्चे राहिले." त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. तोंडाने सांगण्याचा एक सोडून.

तिला राग आला, आणि रागाबरोबर सूपही आठवलं. आई गेली त्या वर्षी अप्पांनी तिच्या सुपाला 'मीठ जरा पुढे गेलंय' एवढंच म्हटलं होतं. त्यानंतर धाकटी पाच रविवार आली नव्हती. कामाची गडबड आहे, असं तिने सांगितलं होतं. ती गडबड कसली होती हे तिला, अप्पांना, दादाला, सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून अप्पा तिच्या हातचं सगळं 'छान झालंय' म्हणून खात आले होते.

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात," ती म्हणाली. "दादाला खोटं सांगितलंत."

दारावरची बेल वाजली. अजून साडेतीनही झाले नव्हते. दादा लवकर आला होता.

दादा आत आला तो बूट काढता काढताच हवा हुंगत. अप्पांच्या पाया पडला, धाकटीच्या डोक्यावर टपली मारली आणि थेट स्वयंपाकघरात गेला. खाली बसून ओव्हनचं दार उघडलं, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग गालात हसला, पण त्यात आनंद नव्हता.

"धाकटे, घरात वापरलेला इतका स्वच्छ ओव्हन मी जन्मात पाहिला नाही. म्हणजे सकाळी काय अवस्था असेल याची कल्पना आली. तुझी नखं बघ." तो उठून उभा राहिला. "मी तुझ्यावर रागावलो नाहीये. पण आता मला जास्तच काळजी वाटायला लागली. अप्पा, किती वेळा झालं असं?"

"झालं दोन-तीनदा," अप्पा म्हणाले. "वय झालं. लावतो आणि विसरतो."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्यादेखत, ती खूण तिच्या हातात असताना, हा माणूस शांतपणे खोटं बोलत होता. "खोटं आहे," ती म्हणाली. "ते विसरत नाहीत. मी भांडं काठोकाठ भरून आणते, ते उतू जातं. सगळी घाण माझी होती."

"ती मला वाचवायला बोलतेय," अप्पा म्हणाले.

दादाने एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "आणि मी कुणाचं खरं मानू? तुम्ही दोघं मिळून मला गुंडाळताय हे तर दिसतंच आहे. थर असता तर मी बघून सांगितलं असतं. तोही हिने धुऊन टाकला."

ते खरंच होतं. सहा तास मरमर मरून धाकटीने अप्पांचा एकुलता एक पुरावा नाल्यात सोडला होता. तिने ओव्हनचं बटण फिरवलं. भांडं जाळीवर होतंच. तिने दार लावलं आणि फरशीवर बसकण मारली.

"बस," ती दादाला म्हणाली. "तू पाहणी करतोस ना? कर."

"अगं, आत्ताच साफ केलास तो," दादा म्हणाला.

"बस म्हटलं ना."

मग दादा खाली बसला, आणि अप्पांसाठी त्याने खुर्ची ओढली. तिघं स्वच्छ काचेसमोर बसून राहिले. आतला दिवा पिवळा होता, आणि चकत्या अजून थंडगार दिसत होत्या. दादा मोबाइल काढायचा, खिशात घालायचा. धाकटी फरशीवरचा नसलेला डाग नखाने खरवडत होती. न सांडलं तर? आजच नेमकं शहाण्यासारखं भाजून निघालं तर? आयुष्यात पहिल्यांदा आपलं रांधलेलं बिघडावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"अप्पा," दादाने शेवटी विचारलं, "समजा ही म्हणते ते खरं आहे. मग मला 'विसरलो' का सांगितलंत? त्यामुळे घर जाणार, हे कळत होतं ना तुम्हाला?"

अप्पा काचेकडेच बघत होते. "कळत होतं."

"मग?"

"खरं सांगितलं असतं तर तू हिला फोन केला असतास. हिने आणायचं बंद केलं असतं." अप्पांनी बाहीच्या बटणाला हात लावला आणि सोडला. "मागे पाच रविवार ही आली नव्हती. ते मला फार जड गेले. घर काय, भाड्याचंच आहे."

धाकटीने मान खाली घातली. तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं. तोंड लपवायला हातात फडकंसुद्धा नव्हतं.

"बत्तीस मिनिटं झाली," थोड्या वेळाने अप्पा म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं. दादाने मान वळवून पाहिलं. बत्तीसच झाली होती. "आता डाव्या बाजूने येईल. जाळी तिकडे कललेली आहे."

डाव्या बाजूला दुधाचा एक फुगा काठावर चढला, थांबला आणि फुटला. एक पांढरी धार भांड्याच्या पोटावरून खाली आली आणि तळावर पडून चर्र वाजली. मग दुसरी. मग उजवीकडून. चीज ताणून खाली लोंबलं, पडलं आणि पिवळ्याचं तपकिरी, तपकिरीचं काळं झालं. सकाळपासून घासलेल्या त्या निळसर तळावर, भांड्याच्या काठाखालून, तोच थर पुन्हा गोल फिरायला लागला. धाकटी डोळे पुसून तो बघत होती. तिच्या खांद्यात अजून कळा मारत होत्या. दारातून धूर यायला लागला तेव्हा दादा उठला आणि त्याने खिडकी उघडली.

त्याच्या खिशात फोन वाजला. वरच्या मास्तरीणबाई होत्या. त्यांचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता: तुमचे वडील पुन्हा ओव्हन लावून विसरले बहुतेक, धूर येतोय, तुम्ही काहीतरी करा.

"नाही बाई, ते विसरलेले नाहीत," दादा म्हणाला. "मी इथेच आहे. मीच लावायला सांगितला." त्याने फोन ठेवला आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पा तोवर उठून ओव्हन बंद करत होते.

करार टेबलावर काट्याखाली ठेवलेला होता. दादाने तो ओढला, खिडकीच्या उजेडात शेवटचं पान काढलं आणि सही केली. मग पेन अप्पांच्या खिशाला लावत म्हणाला, "यापुढे खोटं बोलायचं असेल तर दुसऱ्या कुणाशी बोला. माझ्या कामात ते चालत नाही." अप्पांनी मान हलवली.

स्वयंपाकघरात धाकटीने सवयीने फडकं उचललं आणि ओव्हनकडे वळली, तर अप्पांनी तिचं मनगट धरलं. "गरम आहे. थंड होऊ दे."

ती सिंकशी गेली. रिकाम्या भांड्यात तिने नळ सोडला आणि पाणी रेघेशी आल्यावर बंद केला. भांडं उजेडात धरून ती वरची मोकळी जागा बघत राहिली. तिने त्या जागेत दोन बोटं आडवी धरून पाहिली, बरोबर बसली.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच," अप्पा म्हणाले.